रो हाऊसच्या दारात जिप्सीचा पिकअप: सॉलिड एक्सलचा ऑफरोड ट्रक घरी कसा बनवायचा

घरी ट्रक बनवायचा म्हणजे सगळंच घरी करायचं असं नसतं, हे मला कळायला दीड वर्ष आणि बरेच पैसे लागले. खोलणं, घासणं, मापं घेणं, पत्रा कापणं, टॅक (पक्कं जोडायच्या आधीचे वेल्डिंगचे छोटे टाके) मारणं, जोडणं आणि चुकलं म्हणून परत खोलणं, हे घरी. लेथचं काम, कमानपाट्यांना (सस्पेन्शनच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगना) ताव देणं, प्रोपेलर शाफ्टचं (ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचं) बॅलन्सिंग आणि स्टिअरिंगला लागणारं कुठलंही वेल्डिंग, हे बाहेर. आमचं रो हाऊस नवी मुंबईत, कोपरखैरणेत, रबाळे एमआयडीसी जवळ, तुर्भ्याला जायला पण फार वेळ लागत नाही, त्यामुळे लेथवाला आणि कमानवाला शोधायला वणवण नाही. ठाण्यात असाल तर वागळे इस्टेट आहेच. गाडी घ्यायच्या आधी या दोघांशी ओळख करून ठेवा, नंतर अडलेल्या माणसाचा भाव वेगळा लागतो.

आता नको असलेला विषय आधीच उरकतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. जिप्सी कापून पिकअप केला, उंची वाढवली, मोठे टायर टाकले की ती पाम बीच रोडवर मिरवायची गाडी राहिली नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारेल. म्हणून हा ट्रक स्वतःच्या शेतासाठी नाहीतर खाजगी ट्रॅकसाठी बनवा, तिथे फ्लॅटबेडवर न्या, आणि कागदांचं काय करायचं ते कटर चालवायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. आणि हो, येऊरचं जंगल हे नॅशनल पार्क आहे आणि ऐरोलीच्या खाडीलगतची कांदळवनं संरक्षित आहेत, "जरा चिखलात टेस्ट घेऊ" म्हणून तिकडे घालायची नाही.

गाडी कुठली घ्यायची

सॉलिड एक्सल म्हणजे डावं-उजवं चाक एकाच आडव्या हौजिंगला जोडलेलं. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं, त्यामुळे खडबडीत जागेत चाकं जमीन सोडत नाहीत, आणि पार्ट कमी, मोडलं तर समजतं काय मोडलं ते. हायवेवर मात्र बैलगाडी. आपल्याकडे यासाठी दोन सरळ पर्याय, जुनी महिंद्रा एमएम ५४० किंवा मारुती जिप्सी. मी जिप्सी घेतली कारण हलकी आहे, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल आणि कमानपाटे कंपनीतूनच आहेत, लांबी ४ मीटरच्या आसपास आणि रुंदी १५४० मिलिमीटर, म्हणजे रो हाऊसच्या पार्किंगमध्ये मावते आणि बाजूने माणूसही फिरतो. दुसरं म्हणजे जिप्सीत ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा गिअरचा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मागे वेगळी टांगलेली असते, त्यामुळे इंजिनाला हात न लावता ती एकटी उतरवता येते. गाडी १९८५ ला आली, २०१९ ला बंद झाली, पण लष्करात हजारोंनी चालल्यामुळे पार्ट अजून मिळतात.

घेताना रंग बघू नका, चेसिस बघा. खिशात छोटी हातोडी ठेवा आणि चेसिसवर, खास करून मागच्या शॅकलपाशी (कमानपाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्टीपाशी) आणि बॉडी माउंटपाशी टकटक करत जा. चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं थप्प. मी पहिल्यांदा बघितलेल्या गाडीवर नवंकोरं अंडरकोट होतं, मालक म्हणाला "साहेब, आत्ताच मारून घेतलंय", आणि तिसऱ्या ठोक्याला हातोडी आत गेली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत आणि पावसात हे सर्रास असतं. गिअरबॉक्स आवाज करत असेल तर चालेल, तो बदलता येतो, सडलेली चेसिस घेऊ नका.

जागा आणि शेजारी

चार मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), जाड फळ्या, ट्रॉली जॅक, फायर एक्स्टिंग्विशर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही. पेट्रोलची टाकी मागच्या बाजूला असते, ती कापायच्या आधी उतरवून गाडीपासून लांब, घराबाहेर ठेवायची. रिकामी टाकी जास्त डेंजर, कारण आत वाफ असते. बॅटरीची वायर काढल्याशिवाय वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प लावायचा नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्या टाइल्सवर पडल्या की बारीक लोखंड तिथे रुतून बसतं आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उठतात, बाजूच्या गाडीच्या काचेवर उडाल्या तर काचेला खड्डे. आमच्या शेजारच्या काकूंनी पापड वाळत घातले होते आणि मी वाऱ्याची दिशा न बघता चेसिस घासत होतो, ते प्रकरण शेवटी नवीन उडीद डाळ आणून मिटवावं लागलं. तेव्हापासून एक जुनी ताडपत्री उभी बांधतो आणि संध्याकाळी सातनंतर ग्राइंडरला हात लावत नाही. घरातला १६ अँपिअरचा सॉकेट वेल्डिंगच्या बारा नंबर रॉडपर्यंत ठीक चालतो, दहा नंबर (नंबर कमी तितका रॉड जाड) लावून जाड काम काढलंत की एमसीबी पडणार. ही अडचण नाही, उलट चांगलंच आहे, जाड काम तसंही बाहेर करायचंय.

खोलायच्या आधी मापं

गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ, टायरमध्ये हवा सारखी. चेसिसवरच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खुणा करा, एक्सलच्या दोन्ही टोकांच्याही. मग गाडी ढकलून बाजूला काढा आणि जमिनीवरचे कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसिस सरळ आहे, ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी कुठेतरी ठोकलेली आहे आणि आधी ते बघायला पाहिजे. हे सगळं वहीत लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आणि सरकत्या सांध्यावर सेंटर पंचने खुणा करा, नाहीतर जोडताना क्रॉस एका रेषेत येत नाहीत आणि गाडी थरथरते, मग महिनाभर टायर बॅलन्सिंगला दोष देत बसाल.

एक्सल

पुढच्या नकलचा (चाक जिथून वळतं त्या सांध्याचा) गोळा उघडलात की आत काय निघतं त्यावर कळतं मागच्या मालकाने किती प्रेम केलं. आत घट्ट ग्रीस असायला पाहिजे. आतलं ऑइल सील गेलं असेल तर डिफ्रन्सलचं (एक्सलवरच्या गिअरच्या गोळ्याचं) गिअर ऑइल बाहेर येऊन ग्रीसमध्ये मिसळतं आणि सगळ्याची काळी आमटी होते, माझ्याकडे अक्षरशः वाटीभर सांडली. सगळं डिझेलने धुवा, सील, किंगपिन (नकल ज्यावर फिरतो ती खीळ) बेअरिंग, व्हील बेअरिंग नवीन टाका. किंगपिनचा ताण हाताच्या अंदाजाने बघायचा नाही. टाय रॉड (दोन्ही चाकांना जोडणारा स्टिअरिंगचा दांडा) काढून त्याच्या भोकाला काटा अडकवा, तोच रद्दीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा, आणि नकल हलायला किती किलो ओढावं लागतं ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा, कमी-जास्त करायला खाली पातळ शिम असतात. हा ताण सैल राहिला तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं असं थडथड नाचायला लागतात की स्टिअरिंग हातात राहत नाही.

उंची, म्हणजे सगळ्यांचा आवडता विषय

इथे सगळे फसतात. कमानी उंच केल्या की बॉडी आणि चेसिस वर जाते, एक्सल तिथेच राहतो. सॉलिड एक्सलला सगळ्यात खाली लोंबतं ते डिफ्रन्सल, आणि ते फक्त मोठ्या टायरने वर जातं. जिप्सीचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिलिमीटर उंच असतो, २३५/७५ आर १५ जवळपास ७३३. फरक ६५ मिलिमीटरचा, त्याचा निम्मा, म्हणजे ३२-३३ मिलिमीटर, डिफ्रन्सल वर येतं. बास, एवढंच. पण सोबत गिअरिंग १० टक्क्यांनी लांब होतं, गाडी चढावर आळशी होते आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही खरे ६६ ला असता. म्हणून थेट ३१ इंची टायर टाकणाऱ्यांचं मला कौतुक नाही, तिथे फरक १८ टक्क्यांवर जातो आणि मग एक्सलचे गिअर बदला, क्लच बदला, खर्च संपत नाही.

उंची हवी ती फक्त तो टायर वळताना आणि दबताना घासू नये एवढी, जिप्सीला २ इंच पुष्कळ. जिप्सीचे पाटे एक्सलच्या खालून जातात, ते वर घेतले की ५-६ इंच उंची फुकटात मिळते असं कुणीतरी सांगेलच. फुकट काही नाही, त्यात स्टिअरिंगचे रॉड, शाफ्टचे कोन, ब्रेकचे होज सगळं नव्याने करावं लागतं आणि अरुंद गाडी कलंडायला तयार. पहिल्या ट्रकला नको. लांब शॅकल लावायचे असतील तर हिशोब सोपा, शॅकल २ इंच वाढवला तर गाडी १ इंच वर, पण त्याने एक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा पुढे-मागे झुकाव, बदलतो. मी कमानवाल्याकडून पाट्यांना थोडा बाक वाढवून घेतला आणि मागचा एक पाटा काढला, कारण मागची बॉडी गेल्यावर गाडी रिकामी असताना मागून उड्या मारते. पाट्याला वेल्डिंग कधीच मारायचं नाही, तिथूनच तुटतो.

यानंतर कोन बघा. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप ट्रान्सफर केसच्या फ्लँजला लावा, मग डिफ्रन्सलच्या फ्लँजला, दोन्ही समांतर पाहिजेत. नसतील तर पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर टाकून एक्सल फिरवायचा. ॲल्युमिनियमची पाचर स्वस्त मिळते, ती चेपते आणि यू-बोल्ट ढिले पडतात.

मग एक पुढचं चाक जॅकने पूर्ण वर घ्या, दुसरं लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. मी हे करताना लोंबणाऱ्या चाकाचा ब्रेक होज तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला गेलेला दिसला, अजून एक इंच आणि तो फिटिंगमधून निघाला असता, आणि मी आदल्याच दिवशी गल्लीत चक्कर मारून आलो होतो. लांब होज बनवून मिळतात, लांबवायचा म्हणून ब्रॅकेट वाकवू नका. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) पण बघा, ती जितकी तिरकी तितकं प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं.

बॉडी कापणं आणि हौदा

कटर उचलायच्या आधी दोन्ही दारांच्या चौकटीत तिरकी चौकोनी ट्यूब टॅक करून ताण द्या. न देता मागचा भाग कापला की चौकट २-३ मिलिमीटर पसरते आणि दार आयुष्यात परत नीट लागत नाही. सीटच्या मागे रोल हूप (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान) आधी बसवा, सीमलेस पाइपचा, ४५ मिलिमीटर व्यासाचा, २.५ मिलिमीटरची भिंत, वेल्डिंग बाहेरच्या चांगल्या वेल्डरकडून ७०१८ रॉडने. नळाचा जीआय पाइप वापरायचा नाही, त्याची झिंकची वाफ छातीत जाते आणि उलटल्यावर तो वाकतो.

कापताना दाराच्या मागच्या खांबापासून थोडं मागे कापा, पत्र्याची २५-३० मिलिमीटरची पट्टी राहू द्या, तिच्यावर केबिनची मागची भिंत बसते. केबिनखालचे बॉडी माउंट शाबूत राहिले पाहिजेत, रेघ मारायच्या आधी खाली झोपून ते कुठे आहेत ते बघा.

हौद्याला ४० बाय ४० ची ३ मिलिमीटर ट्यूब आणि वर २ मिलिमीटर पत्रा पुरतो. पत्र्याचं वजन एका चौरस मीटरला १५.७ किलो, म्हणजे १.२ बाय १.३ मीटरचा तळ साधारण २५ किलोत होतो. चेकर प्लेट दिसायला भारी, पण ३ मिलिमीटरची घेतली की तोच तळ ४० किलोच्या आसपास. सगळ्यात महत्त्वाचं, हौदा चेसिसला वेल्ड करायचा नाही आणि केबिनलाही जोडायचा नाही. चेसिस पिळवटते, पिळवटायलाच बनवलीय. हौदा रबरी माउंटवर बोल्टने बसवा आणि केबिन-हौद्यात ४० मिलिमीटर फट ठेवा. माझी पहिल्यांदा २० ची होती, पहिल्याच चरात दोघांनी एकमेकांचा रंग काढला. तळाला चार कोपऱ्यांत पाण्याची भोकं विसरू नका.

रंगाचं थोडक्यात, घासलेलं लोखंड त्याच दिवशी प्रायमरखाली गेलं पाहिजे, जूनमध्ये तर त्याच तासात, आणि ट्यूबच्या आतून मेण नाहीतर जुनं ऑइल फवारा.

पहिली चक्कर

चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, दोन्ही डिफ्रन्सलच्या ब्रीदरला (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाला) होज लावून बॉनेटपर्यंत वर आणा, ट्रॅकवर लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू गिअरमध्ये) हळू फिरवा. ५०-१०० किलोमीटर झाले की यू-बोल्ट, शॅकल, स्टिअरिंगचे नट परत आवळायचे, पहिल्यांदा सगळेच थोडे ढिले निघतात. पाण्यातून गाडी काढलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी डिफ्रन्सलचा खालचा प्लग हळूच सैल करा, गरम डिफ्रन्सल गार पाण्यात गेलं की सीलमधून पाणी आत ओढतं. आधी दोन थेंब पाणी आलं किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पूर्ण ओतून टाका आणि नवीन भरा. माझं पहिल्या पावसात दोनदा चहा झालं, तिसऱ्यांदा कळलं की ब्रीदरचा होज मी लावला होता, क्लिप लावली नव्हती.