दिव्यांग प्रमाणपत्र हातात आलं, आता नोकरी कशी मिळवायची?

प्रमाणपत्र तुम्हाला रांगेत उभं करतं, त्यापलीकडे ते काही करत नाही. मुलाखत घेणाऱ्याच्या मनात दोनच प्रश्न असतात: हे काम तुम्ही कसं कराल, आणि त्यासाठी आम्हाला काय सोय करावी लागेल? सहानुभूती मिळवण्यात वेळ घालवण्यापेक्षा या दोन प्रश्नांची नेमकी उत्तरं तयार ठेवली तर काम लवकर होतं. पण रांगेतूनच नाव कटू नये, म्हणून आधी कागदांचं बघू.

यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र, त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. अर्ज भरण्याआधी आधार आणि दहावीचं गुणपत्रक शेजारी ठेवून नाव ताडून बघा. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी. एकीकडे वडिलांचं पूर्ण नाव, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. यूडीआयडी आधारवरून तयार होतं आणि नोकरीत पडताळणी होते दहावीच्या नावाशी. लग्नानंतर नाव बदललेल्या उमेदवार इथे हमखास अडकतात. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद फाइलमध्ये कायम हवी.

तपासणीसाठी वैद्यकीय मंडळासमोर जाताना जुने रिपोर्ट घेऊन जा, आणि दोन प्रकारचं अपंगत्व असेल तर दोन्ही एकाच वेळी तपासून घ्यायचा आग्रह धरा. दोन टक्केवारींची सरळ बेरीज होत नाही, त्याला सूत्र आहे. मोठी टक्केवारी 'अ' आणि लहान 'ब' धरली तर एकूण = अ + ब × (९० − अ) ÷ ९०. पायाचं ३० टक्के आणि कानाचं ३० टक्के असेल, तर ३० + ३० × ६० ÷ ९० म्हणजे ५० टक्के होतात. नुसता पाय दाखवला असता तर ३० वरच अडकून आरक्षणासाठीची ४० टक्क्यांची अट पुरी झाली नसती. हे कोणी आपणहून सांगत नाही.

प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. अर्जाच्या दिवशी चालू असलेलं प्रमाणपत्र पडताळणीच्या दिवशी संपलेलं असू शकतं, आणि त्या टेबलावर 'नवीन येणार आहे' हे उत्तर चालत नाही. मुदतीच्या निदान तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं गाजल्यापासून पडताळणी कडक झाली आहे. खऱ्या उमेदवारालाही पुन्हा तपासणीला बोलावलं जातं. तो अपमान मानू नका, रिपोर्ट जपून ठेवा.

आता सरकारी भरती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. त्यातला एक टक्का अंध व अल्पदृष्टी, एक टक्का कर्णबधिर, एक टक्का अस्थिव्यंग (यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ला आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी येतात), आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता मिळून. या शेवटच्या गटाच्या जागा अनेकदा रिकाम्या राहतात. न भरलेली जागा पुढच्या भरती वर्षात जाते. तेव्हाही त्या गटाचा उमेदवार मिळाला नाही तर दिव्यांगांच्या इतर गटांना देता येते. म्हणून जाहिरातीत 'अनुशेष' शब्द दिसला की तो तक्ता नीट वाचा.

जाहिरात वाचण्याची खरी जागा वेगळीच आहे. प्रत्येक पदासमोर अक्षरांचे सांकेतिक शब्द असतात: ओए म्हणजे एक हात, ओएल एक पाय, बीएल दोन्ही पाय, ओएएल एक हात व एक पाय, एचएच कमी ऐकू येणारे, एलव्ही अल्पदृष्टी. त्यापुढे कामाच्या गरजा असतात: एस बसून, एसटी उभं राहून, डब्ल्यू चालून, एसई बघून, आरडब्ल्यू वाचन-लेखन. जाहिरातीत फक्त 'ओए, ओएल' असेल आणि तुमच्या प्रमाणपत्रावर 'दोन्ही पाय' असेल, तर गुणवत्ता यादीत येऊनही पडताळणीत नाव जाऊ शकतं. वर्षभराचा अभ्यास असा वाया गेलेले उमेदवार कमी नाहीत. केंद्राच्या जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेत अशी ३,५६६ पदं त्यांच्या संकेतांसह दिली आहेत. त्यातली १,०४६ गट अ ची आणि १,७२४ गट क ची. आपला संकेत कुठल्या पदांसमोर आहे ते आधी काढा, मग परीक्षा निवडा. क्लासवाले नेमकं उलट करायला लावतात.

वयाची सवलत केंद्रात खुल्या गटाला १० वर्षं, इतर मागासवर्गाला १३ आणि अनुसूचित जाती-जमातींना १५ आहे. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत दिव्यांगांना साधारणपणे ४५ पर्यंत संधी असते.

लेखनिक (परीक्षेत तुमच्या वतीने उत्तरं लिहिणारा) लागणार असेल तर तो अभ्यासक्रमाचाच एक विषय समजा. दृष्टिहीन, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना मागितल्यावर लेखनिक मिळतो. इतरांना 'लिहिण्यात शारीरिक अडचण आहे' असं स्वतंत्र प्रमाणपत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम अधिकाऱ्याकडून, परीक्षेच्या ठरलेल्या नमुन्यातच आणावं लागतं. यूडीआयडी दाखवून भागत नाही. जादा वेळ तासाला २० मिनिटं. स्वतःचा लेखनिक आणू देतील की परीक्षा घेणारी संस्था देईल, हे नियम सध्या बदलत आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. लेखनिकासोबत पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा द्या. तक्त्यावरचा प्रश्न आला की आधी स्तंभांची नावं, मग ओळींची नावं, मग लागतील तेवढेच आकडे, असा क्रम त्याला शिकवा. सवय नसलेला लेखनिक अख्खा तक्ता वाचत सुटतो, आणि जादा मिळालेली २० मिनिटं तिथेच संपतात.

खासगी क्षेत्रात टक्क्यांचं आरक्षण नाही. पण भेदभाव न करण्याचं बंधन आहे, आणि २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण करून सोयी काय देणार ते जाहीर करायचं असतं. अर्ज करण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते शोधा. सापडलं, तर संपर्क अधिकाऱ्याचं नावही तिथेच मिळतं.

अपंगत्व बायोडेटात लिहावं की नाही, यावर दोन मतं आहेत. आमचं मत असं: ज्याने मुलाखतीच्या पद्धतीत फरक पडतो ते लिहावं, बाकीचं लिहू नये. आणि लिहायचं ते निदान नव्हे, कामाची रीत. उदाहरणार्थ: 'मी पूर्ण दृष्टिहीन आहे. एनव्हीडीए स्क्रीन रीडरवर एक्सेल, ईमेल आणि ब्राउझर वापरतो. चाचणी असल्यास वर्ड किंवा एक्सेल फाइलमध्ये द्यावी, स्कॅन केलेली पीडीएफ नको.' अशा चार ओळींनी मनुष्यबळ विभागाची निम्मी भीती जाते, कारण बहुतेकदा त्यांना नकार द्यायचा नसतो, काय करायचं ते ठाऊक नसतं.

एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) फुकट आहे, म्हणून शिकायला उशीर करण्याचं कारण नाही. मात्र 'कॉम्प्युटर येतो' आणि 'नोकरीपुरता येतो' यात मोठं अंतर आहे. एक्सेलमध्ये ओळ-स्तंभ निवडणं, फिल्टर लावणं, व्हीलुकअप आणि पिव्होट हे माउसला हात न लावता आलं पाहिजे. ऑफिसात त्रास देतात त्या गोष्टी दोन. पहिली, एकत्र केलेले सेल. शीर्षकाचे तीन सेल जोडले की कुठला आकडा कुठल्या स्तंभाचा, हे स्क्रीन रीडर चुकीचं सांगू लागतो. सहकाऱ्यांना सांगून ते सोडवून घ्या. दुसरी, जुने मराठी फॉन्ट. कृती देवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द पडद्यावर बरोबर दिसतो, पण फाइलच्या आत ती इंग्रजी अक्षरं असतात, म्हणून कानावर येतं 'ई जे के बी एच'. सरकारी कार्यालयांत अशा फाइलींचे ढीग आहेत. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, एक चांगला हाताशी ठेवा आणि बदललेल्या मजकुरातली जोडाक्षरं तपासून घ्या, बिघडतात ती तिथेच.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी मुलाखतीचा फोन आला की तीन गोष्टी विचारायच्या: दारात किती पायऱ्या, लिफ्टचं दार किती रुंद, आणि स्वच्छतागृहाचं दार किती रुंद. 'आमच्याकडे रॅम्प आहे' हे उत्तर पुरेसं नाही. उतार १:१२ चा हवा, म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीसाठी १८० सेंमी लांब रॅम्प. तीन पायऱ्यांवर टाकलेली लाकडी फळी म्हणजे घसरगुंडी, रॅम्प नव्हे. साधी घडीची व्हीलचेअर ६५ सेंमीच्या आसपास रुंद असते, ऑफिसच्या संडासाचं दार बहुधा तितकंच किंवा त्याहून अरुंद. निदान ९० सेंमी हवं, आत वळायला दीड मीटर. हे आधी विचारलं नाही तर माणूस नोकरीला लागतो आणि दिवसभर पाणी पिणं सोडतो. मणक्याला इजा झालेल्यांना त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, सुट्ट्या पडतात, आणि ठपका येतो 'यांना झेपत नाही' असा. नोकरी जाते ती दारामुळे.

कर्णबधिर उमेदवारांनी ऑनलाइन मुलाखतीत कॅप्शन आणि प्रश्न चॅटवर मागावेत, समोरासमोर असेल तर सांकेतिक भाषेचा दुभाषी. कारखान्यात हटकून येणारा आक्षेप म्हणजे 'भोंगा वाजला तर कळणार कसा?' उत्तर तयार ठेवा: भोंग्याला जोडलेला लुकलुकणारा दिवा, आणि शेजारच्या एका सहकाऱ्यावर खुणेची जबाबदारी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सुरुवातीचे काही आठवडे सोबत जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागी राहून काम शिकवणारा माणूस, असणं महत्त्वाचं. पॅकिंगला दहा नग मोजायला सांगण्यापेक्षा दहा खणांचा ट्रे दिला की मोजणीच लागत नाही, खण भरले की झालं.

प्रशिक्षण आणि नोंदणीसाठी मुंबईत दिव्यांगांचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र, वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दृष्टिहीनांसाठी नॅब ही ठिकाणं आहेत. कोणत्याही संस्थेत नाव घालण्याआधी विचारा की गेल्या तुकडीतले किती जण कामावर टिकून आहेत. 'किती जणांना नोकरी लागली' हा आकडा फुगवता येतो.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांनी घाबरून राजीनामा देऊ नये. कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यावं लागतं.

पैशाच्या बाबतीत पहिला अडथळा घरातूनच येतो: 'नोकरी धरली तर संजय गांधी निराधारचे पैसे बंद होतील.' भीती खोटी नाही. दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, म्हणजे महिना सव्वाचार हजारांच्या पगारालाही ती ओलांडते. पण अनुदान महिना २,५०० धरलं तरी वर्षाचे ३०,००० होतात, आणि नियमित नोकरीचा पगार, भविष्य निर्वाह निधी व ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) त्यापुढे कितीतरी जास्त. नोकरी लागल्याचं तहसील कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. लपवलं तर वसुली निघते, आणि नोकरी गेल्यावर पुन्हा अर्ज करताना तेच आड येतं.

पगाराची पहिली स्लिप नीट वाचा. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व असलेल्यांना व्यवसाय कर माफ आहे, तरी सॉफ्टवेअर महिना २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापतंच. रुजू होतानाच प्रमाणपत्राची प्रत लेखा विभागाला द्या. वर्षाचे २,५०० वाचतात. दिव्यांग मुलांच्या पालकांनाही ही माफी आहे. ईएसआयची वेतनमर्यादा इतरांना २१,०००, दिव्यांग कर्मचाऱ्याला २५,००० आहे. आयकरातली ७५,००० ची वजावट (८० टक्क्यांपासून पुढे सव्वा लाख) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, त्यामुळे हिशेब दोन्ही रीतींनी करून बघा. बँकेने 'अंगठा लावता म्हणून चेकबुक नाही' किंवा 'दिसत नाही म्हणून एटीएम कार्ड नाही' म्हटलं, तर रिझर्व्ह बँकेचं २००८ चं परिपत्रक दाखवा. दृष्टिहीन खातेदाराला या सोयी नाकारता येत नाहीत.

नोकरीऐवजी धंदा करायचा असेल तर राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे, केंद्राच्या महामंडळाचं कर्जही त्यामार्फत मिळतं. लहान रकमेला व्याज कमी असतं. प्रकरण अडतं ते जामीनदारावर, म्हणून अर्जाआधी जामीनदार पक्का करा. प्रकल्प अहवालात लोक यंत्राची किंमत लिहितात आणि खेळतं भांडवल विसरतात. झेरॉक्सचं यंत्र येतं, पण कागद आणि टोनरला पैसे उरत नाहीत. निदान तीन महिन्यांचा माल, भाडं आणि वीज त्यात धरा. ई-वाहनावरचं फिरतं दुकान मिळत असेल तर ते कुठे उभं करणार आणि रात्री चार्जिंग कुठे होणार, हे गाडी येण्याआधी ठरवा. पालिकेचा फेरीवाला परवाना वेगळा काढावा लागतो.

ग्रामपंचायत आणि महापालिकेच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. शिलाई यंत्र, उपकरणं, अर्थसाहाय्य यासाठी अर्ज एप्रिल-मे मध्येच देऊन आवक क्रमांक घ्या. फेब्रुवारीत गेलात तर निधी खर्ची टाकायच्या घाईत जे सरसकट वाटलं जातं तेच हाती येतं, तुम्हाला हवं असलेलं उपकरण नव्हे.