ड्रोनच्या पाळतीचा थ्रिलर काढताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक पटकथेतच होते. ड्रोन साठ मीटर वर, आणि खाली बेळगावच्या शहापुरातल्या गच्चीवर दोघं कुजबुजतात ते खलनायकाला स्पष्ट ऐकू येतं, हातातली चिठ्ठीसुद्धा वाचता येते! छोट्या ड्रोनला माइक नसतोच. असता तरी पंख्यांच्या घरघरीत शब्द कुठला कळायला? चित्राचाही हिशेब मांडा. २४ मिलिमीटरच्या लेन्सला साठ मीटरवरून साधारण ८८ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. फोर-केच्या ३८४० पिक्सेलमध्ये तो बसवला की माणसाचा चेहरा जेमतेम सहा-सात पिक्सेलचा. नंबरप्लेट तर थेट वरून दिसतच नाही. म्हणून पाळत चेहऱ्यावर नको, सवयींवर लिहा: कोण कधी घराबाहेर पडतं, कुणाच्या दारात कुठली गाडी थांबते, गुऱ्हाळावर रात्री उजेड का आहे. प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो यानेच. संवाद हवाच असेल तर एखाद्या पात्राच्या खिशात चालू फोन ठेवा.

दुसरी चूक उसात ड्रोन घालवण्याची. चिकोडीकडे एका युनिटने बांधावर बसूनच ड्रोन उडवला. मध्ये झाडं आली, सिग्नल तुटला, ड्रोन आपोआप परत फिरला. परतीची उंची होती २० मीटर, वाटेतली निलगिरी त्याहून उंच. ड्रोन धडकून दहा फुटी उसात पडला आणि शूटिंगचा दिवस शोधाशोधीत गेला. उडवण्याआधी दोन मिनिटं द्यायला काय जातं? आसपासचं सर्वांत उंच झाड किंवा टॉवर बघा, परतीची उंची त्याच्या १५ मीटर वर ठेवा. जागा बदलली की होम पॉइंट, म्हणजे ड्रोन परत येतो ती जागा, नव्याने घ्या. उभं राहूनच उडवा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की खाली उतरवा, शॉट कितीही चांगला चालू असो.

तांबड्या मातीवरून थेट उड्डाण नको, धूळ ड्रोनच्या मोटरमध्ये जाते. खाली ताडपत्री अंथरा.

भर दुपारी फिल्टरशिवाय शूट केलं की हालचाल तुटक दिसते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद हवं, त्यासाठी एफ २.८ च्या लेन्सला कडक उन्हात एनडी ६४ (उजेड कमी करणारा काळा फिल्टर) लागतो.

परवानगी ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांबरोबर काम करू नका. बेळगावात छावणी आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा आधी उघडा: हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मुभा असते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ती २०० फुटांवर येते. पोलीस ठाण्यात अर्ज मराठीबरोबर कन्नडमध्येही न्या.

आणि खऱ्या माणसांच्या खिडक्या, न्हाणीघरं, अंगणं चुकूनही टिपू नका. पाळतीच्या शॉटमधलं प्रत्येक घर ठरवून घेतलेलं आणि त्यातलं प्रत्येक माणूस सांगून उभं केलेलं हवं.