मिग-२१ एफएलची प्रतिकृती: खोका उघडण्यापूर्वीचा अभ्यास आणि नंतरची बांधणी

प्रमाणबद्ध प्रतिकृतीच्या छंदात बहुतेक जण आधी किट विकत घेतात, मग खोक्यावरचे चित्र पाहून रंग आणतात आणि त्या विमानाविषयी वाचायला बसतात ते डिकल, म्हणजे चिन्हे-अक्षरांच्या पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चकत्या, लावायची वेळ आल्यावर. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. ज्या विमानाची प्रतिकृती करायची त्याचा अनुक्रमांक, त्याची स्क्वाड्रन आणि शक्य असेल तर तारीखही आधी निश्चित करावी. कारण एकाच विमानाला त्याच्या आयुष्यात अनेकदा रंग लागतो, त्याचे भाग बदलले जातात, पंखांखालची शस्त्रे तर कामगिरीगणिक बदलतात, आणि यांपैकी कोणती अवस्था आपण दाखवत आहोत हे ठाऊक नसेल तर बांधणीतला प्रत्येक निर्णय अंदाजाने घ्यावा लागतो. या लेखात भारतीय हवाई दलाचे मिग-२१ एफएल हे विमान उदाहरणादाखल घेतले आहे. त्याचा सांगाडा नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार होत असे, इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकाला या विमानाच्या अभ्यासाची काही साधने घराजवळच मिळू शकतात.

पहिले काम म्हणजे उपप्रकार ओळखणे. हवाई दलात मिग-२१ चे उपप्रकार टाइप क्रमांकाने ओळखले जात. १९६३ मध्ये चंडीगडच्या २८ स्क्वाड्रनकडे आलेली पहिली विमाने एफ-१३, म्हणजे टाइप ७४ होती. त्यानंतरचे एफएल म्हणजे टाइप ७७, मग एम म्हणजे टाइप ९६ आणि शेवटी बिस म्हणजे टाइप ७५. वरवर पाहता सगळी सारखीच दिसतात, पण छायाचित्रात चार ठिकाणी नजर टाकली की घोळ राहत नाही. नाकावरची लांब पिटो नळी (हवेच्या दाबावरून वेग मोजणारी) एफएलमध्ये हवेच्या तोंडाच्या वरच्या बाजूला अगदी मधोमध असते, तर एममध्ये आणि बिसमध्ये ती वैमानिकाच्या उजव्या हाताला सरकलेली असते. एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, पुढच्या काचेसह एकसंध असून ती पुढच्या बाजूला बिजागरीवर उचलली जाते, पुढच्या उपप्रकारांची बाजूला उघडते. कॉकपिटमागचा पाठीचा उंचवटा एफएलमध्ये बारीक आणि बिसमध्ये फुगीर असतो. एफएलच्या प्रत्येक पंखाखाली एकच शस्त्रधारक असतो, एमला दोन. बाजूला कलंडलेली कॅनॉपी लावलेली एफएलची प्रतिकृती प्रदर्शनांतही पाहायला मिळते. रंगकाम कितीही सुंदर असले तरी जाणकाराची नजर आधी तिथेच अडखळते.

एफएल हा सोव्हिएत पीएफ या उपप्रकारावरून निर्यातीसाठी केलेला अवतार असल्यामुळे किट निवडताना पीएफचा खोका पाहावा. १:४८ या प्रमाणात झेक कंपनी एडुआर्डचे पीएफचे किट उपलब्ध झालेले आहे आणि त्याचा पाया उत्तम आहे. मात्र सुरुवातीच्या पीएफ विमानांचे उभे शेपूट अरुंद होते आणि त्यांचे ब्रेक-पॅराशूट पोटाखाली असे, तर एफएलचे शेपूट रुंद असून पॅराशूट त्याच्या बुडाशी, इंजिनाच्या नळकांड्यावर, लांबट गोल पेटीत बसवलेले असते. म्हणून कोणत्याही कंपनीचे किट घेतले तरी भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर रुंद शेपूट आणि ती पेटी आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पडताळावे.

आता पुराव्यांकडे वळू. आपल्याकडे अनेकांचा सर्वांत मोठा विश्वास संग्रहालयातल्या विमानावर असतो, आणि नेमका तोच पुरावा सर्वांत सावधपणे वापरावा लागतो. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात किंवा बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या संग्रहालयात उभे असलेले विमान आकार, जोडरेषा, चाकांच्या कोनाड्यांची आतली रचना आणि रिव्हेटांच्या ओळी पाहण्यासाठी अमूल्य आहे. पण त्याचा रंग निवृत्तीनंतर, बहुधा अनेकदा, दिलेला असतो आणि काही भाग दुसऱ्या विमानाचेही असू शकतात. तेव्हा आकार संग्रहालयातून घ्यावा आणि रंग त्या काळच्या छायाचित्रातून. संग्रहालयात गेल्यावर सुंदर तिरके फोटो कमी काढावेत आणि काटकोनातले, एका भागावर रोखलेले फोटो भरपूर काढावेत. चाकाचा फोटो घेताना शेजारी मोजपट्टी धरण्याची परवानगी मिळाली तर सोन्याहून पिवळे. छावण्यांच्या प्रवेशद्वारावर उभ्या केलेल्या विमानांचे फोटो मात्र परवानगीशिवाय काढू नयेत.

त्या काळची छायाचित्रे वापरताना प्रत्येकाच्या मागे तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: ते कधीचे आहे, कुठले आहे, आणि ही माहिती कोणी दिली आहे. कृष्णधवल छायाचित्रावरून रंग ओळखण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या फिल्मच्या प्रकारानुसार केशरी रंग कधी गडद तर कधी फिकट उमटतो. हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा आणि आत हिरवा असा क्रम पक्का असल्यामुळे ते चिन्ह या कामी उपयोगी पडते: त्याच छायाचित्रात चिन्हातला हिरवा किती गडद आला आहे हे पाहिले की शेजारच्या छलावरणाच्या (शत्रूला चकवण्यासाठी दिलेल्या रंगाच्या) छटेचा तुलनेने तरी अंदाज बांधता येतो.

छापील साधनांमध्ये एक दुर्लक्षित साधन म्हणजे भारताचे राजपत्र. शौर्यपदकांचे प्रशस्तिपत्र त्यात प्रसिद्ध होते आणि त्यातून कामगिरीची माहिती अधिकृतपणे हाती लागते. तिथून मिळालेला धागा स्क्वाड्रनच्या इतिहासाशी आणि अनुक्रमांकांच्या याद्यांशी जुळवून पाहावा. दोन ठिकाणी सारखी माहिती दिसली म्हणून ती दोनदा सिद्ध झाली असे मानू नये. अनेकदा दुसऱ्याने पहिल्याचेच उतरवून घेतलेले असते.

नाशिक परिसरात ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी आहेत. ओळखीतून असे कोणी भेटले तर ‘काका, विमानाचा रंग कोणता होता?’ असे विचारण्यापेक्षा छायाचित्र पुढे ठेवून ‘हे झाकण उघडण्यासाठी कोणते हत्यार लागत असे?’ असे विचारावे. रंगाच्या छटेची आठवण पन्नास वर्षांत पुसट होते. हाताने वर्षानुवर्षे केलेल्या कामाची सहसा होत नाही, आणि त्या बोलण्यातून कोणती झाकणे वारंवार काढली जात, कुठे रंग झिजत असे, कुठे तेल ओघळत असे, हे आपोआप कळते.

तारखेने किती फरक पडतो, ते १९७१ च्या युद्धातल्या दोन दिवसांवरून पाहता येईल. १२ डिसेंबर १९७१ रोजी ४७ स्क्वाड्रनचे फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी कच्छच्या आखातावर पाकिस्तानी विंग कमांडर मर्विन मिडलकोट यांचे एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते तोफेने. एफएलच्या शरीरात मुळात तोफच नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी पोटाखाली जीपी-९ हे खोळीसारखे आवरण लावून त्यात २३ मिलिमीटरची जीएसएच-२३ ही दुनळी तोफ बसवली जाई. हे आवरण पोटाखालच्या मधल्या धारकाच्या जागी बसते, त्यामुळे तिथे इंधनाची जादा टाकी लावता येत नाही. प्रतिकृतीत दोन्ही एकत्र दाखवणे अशक्य कोटीतले आहे, तरी किटमध्ये दोन्ही भाग असल्यामुळे काही जण ते लावतात. याउलट १४ डिसेंबर रोजी विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली गुवाहाटीहून निघालेल्या २८ स्क्वाड्रनच्या विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांनी हल्ला केला. तो दिवस दाखवायचा असेल तर पंखांखाली क्षेपणास्त्रे न लावता प्रत्येकी १६ रॉकेटांचे डबे लावावे लागतील. विमानाचा उपप्रकार तोच, युद्ध तेच, अंतर दोन दिवसांचे, आणि तरीही किटमधले वेगवेगळे भाग कापून घ्यावे लागतात.

रंगाचीही तीच कथा. मूळची एफएल विमाने चकचकीत धातूच्या रंगाची होती आणि युद्धाच्या काळात त्यांना तळांवरच घाईघाईने छलावरण चढवले गेले. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एक नमुना शोधत बसू नये. तुमच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र मिळत नसेल तर छायाचित्र असलेला दुसरा अनुक्रमांक निवडावा, हे अधिक प्रामाणिक.

रेखाचित्रे वापरण्यापूर्वी ती मोजून घ्यावीत. मिग-२१ च्या पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर आहे, म्हणजे १:४८ मध्ये ती सुमारे १४९ मिलिमीटर आणि १:७२ मध्ये सुमारे ९९ मिलिमीटर भरली पाहिजे. पुढच्या कडेचा तिरकेपणा ५७ अंश. ही दोन मापे जुळली नाहीत तर छपाईत गडबड झाली आहे असे समजून दुसरी प्रत काढावी. हाच हिशेब प्लास्टिकच्या जाडीलाही लावावा: किटमधल्या पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या विमानात ती २४ मिलिमीटर होते, जी अर्थातच तेवढी जाड नाही. दोन्ही अर्धे चिकटवण्यापूर्वी आतल्या बाजूने घासून ती कड पातळ करावी.

बांधणीत कॉकपिट प्रथम येते. सोव्हिएत विमान म्हटले की आतून निळसर-हिरवा रंग लावण्याची सवय अनेकांना आहे. तो लावण्यापूर्वी आपल्याच उपप्रकाराच्या, सेवेत असतानाच्या कॉकपिटचे रंगीत छायाचित्र शोधावे. शरीराचे दोन भाग जोडण्याआधी नाकात वजन भरायला विसरू नये, नाहीतर प्रतिकृती शेपटीवर बसते. चाकांचे पाय आणि शरीर चिकटपट्टीने तात्पुरते जोडून किती वजन लागते ते पाहावे आणि त्याहून थोडे जास्तच भरावे. मासेमारीच्या गळाला लावतात ते शिसे यासाठी स्वस्त आणि सोयीचे आहे, पण ते पांढऱ्या पाण्याच्या गोंदात कधीही बसवू नये: त्या गोंदाशी शिशाची संथ रासायनिक क्रिया होऊन ते काही वर्षांनी फुगते आणि नाकाचा जोड आतून फोडते. इपॉक्सी वापरावे, आणि शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

धातूचा रंग द्यायचा असेल तर बहुतेक वेळ रंगकामाआधीच्या घासकामात जाईल, हे धरून चालावे. साधा रंग बारीक ओरखडे झाकतो. धातूचा रंग ते उजळ करून दाखवतो. जोडांवर पुट्टी भरून क्रमाने अधिक बारीक पॉलिशपेपर पाण्यासह फिरवावा, त्यावर चकचकीत काळ्या रंगाचा थर द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर लॅकर प्रकारातला धातूरंग एअरब्रशने अगदी पातळ, एकावर एक फवारावा. खऱ्या विमानाचे पत्रे एकसारखे दिसत नाहीत. काही झाकणे पट्टीने झाकून छटा किंचित बदलावी आणि इंजिनाच्या तोंडाकडे ती थोडी काळपट करावी. शेपटीचे टोक आणि नाकातला रडारचा शंकू धातूचे नसून त्यांना हिरवा रंग असे, हे ध्यानात ठेवावे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळलेले बरे. लॅकरचा थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि रंग पांढरट, धुरकट होतो. थांबणे शक्य नसेल तर सावकाश उडणारा थिनर मिसळावा. मास्क आणि खेळती हवा या दोन गोष्टी कोणत्याही ऋतूत आवश्यक आहेत.

युद्धकाळातले विमान करायचे असेल तरी आधी धातूचाच रंग द्यावा, कारण घटनाक्रमही तसाच होता. त्यावर केसांच्या स्प्रेचा थर, मग पाण्यात विरघळणाऱ्या ॲक्रिलिक रंगाचे छलावरण, आणि तो रंग पुरता कडक होण्याआधी ओल्या ब्रशने हलके घासले की रंग निघून खालचा धातू डोकावतो. जिथे तंत्रज्ञाचा पाय किंवा हात पडत असे तिथेच हे करावे. सगळीकडे सारखे ओरखडे काढले तर विमान युद्धातले न वाटता भंगारातले वाटते.

डिकलपूर्वी चकचकीत वार्निशचा थर द्यावा, नाहीतर पारदर्शक फिल्मखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. शेपटीवरच्या पट्ट्यांचा क्रम आणि अनुक्रमांकाच्या अक्षरांचे वळण खोक्यातल्या चित्रावरून न घेता छायाचित्रावरून घ्यावे. बाजारातल्या काही डिकलमध्ये केशरी रंग लालसर छापलेला असतो, तो मान्य नसेल तर चिन्हे स्टेन्सिल कापून रंगवावीत.

पिटो नळी सर्वांत शेवटी. किटमधली प्लास्टिकची नळी तुटणारच असे गृहीत धरून तिच्या जागी इंजेक्शनच्या दोन वेगळ्या जाडीच्या सुया एकीत एक सरकवून लावाव्यात, त्यांची टोके आधी घासून बोथट करावीत, आणि नाकाला तिचे छिद्र रंगापूर्वीच पाडून ठेवावे. तयार प्रतिकृती काचेच्या पेटीत, थेट उन्हापासून दूर ठेवावी, कारण उन्हाने डिकलची फिल्म पिवळी पडते. छायाचित्रे आणि टिपणे पेटीजवळच एका पाकिटात ठेवावीत. नवा पुरावा हाती आला की कोणता भाग कशाच्या आधारे केला होता ते लगेच पाहता येते.