छोट्या परसात कोणत्या जातीची कोंबडी ठेवावी?

दहा बाय बारा फुटांच्या परसात सहा-सात कोंबड्या नीट राहतात. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येकीला दोन चौरस फूट जागा धरा. जात निवडताना बहुतेक जण वर्षाला किती अंडी, एवढंच विचारतात. त्याआधी ठरवायचं ते हे, की पिल्लं घरीच काढायचीत का? भरपूर अंडी देणाऱ्या जाती सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, आणि खुडूक बसलेली कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही.

फक्त अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया घ्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती परसासाठीच तयार केली. अंडं तपकिरी, परसात वर्षाला 160 ते 180 मिळतात. मात्र ती संकरित आहे, त्यामुळे तिच्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आईइतकी अंडी देतीलच असं नाही. पुढची पिढीही तशीच हवी असेल तर ऱ्होड आयलंड रेड बरी, कारण ती शुद्ध जात आहे. चारा-खाद्य चांगलं असलं की अंड्यांतही कमी पडत नाही.

वनराजाही त्याच संस्थेची, अंडी आणि मटण दोन्हींसाठी. पण तिला चरायला रान लागतं. छोट्या परसात ती खाऊन बसून राहते, चरबी चढते आणि अंडी घटतात. शिवाय अंगाने जड, त्यामुळे मुंगूस किंवा कुत्रं आलं तर उडून सुटत नाही.

कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची. काळ्या मटणाला भाव आहे, पण अंडी वर्षाला शंभरच्या आतबाहेर. अंड्यांसाठी पाळायची असेल तर तो भाव उगाच मोजू नये. असील या झुंजार जातीचे दोन कोंबडे एका परसात ठेवूच नका, रक्त निघेपर्यंत झुंजतात.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, तरीही एक ठेवावी, ती उबवणीसाठी. तिच्याखाली तिची दहा-बारा अंडी मावतात, पण ग्रामप्रियाची किंवा ऱ्होडची मोठी अंडी आठ-नऊच ठेवा; जास्त झाली की कडेची थंड पडतात. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, फ्रिजमधली नकोत. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. गावरान हलकी असते, चार फुटांचं कुंपण सहज ओलांडते. एकाच पंखाची लांब पिसं कातरा, म्हणजे तोल जाऊन उडता येत नाही.

कोंबडा फक्त फळलेल्या अंड्यांसाठी लागतो. आठ-दहा माद्यांना एक पुरे. नुसती अंडी खायची असतील तर कोंबड्याशिवायही मिळतात, आणि पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद होत नाही.

एक दिवसाची पिल्लं स्वस्त पडतात, पण त्यांत निम्मे नर निघतात आणि सुरुवातीचे काही आठवडे बल्बची ऊब द्यावी लागते. नवख्याने दोन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या माद्या) घ्याव्यात. लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची सुरुवातीची लस), गंबोरो आणि देवी या रोगांच्या लसी झाल्या का, ते विचारा. मानमोडीचं इंजेक्शन आठव्या आठवड्यानंतर देतात; राहिलं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून द्या. गुदद्वाराजवळची पिसं विष्ठेने माखलेली असतील तर तो पक्षी घेऊ नका. चोचही बघा. लेअर (अंड्यांच्या) फार्ममधून काढून टाकलेल्या कोंबड्यांची चोच बहुधा कापलेली असते. त्यांना किडे-दाणे नीट टिपता येत नाहीत, आणि अंड्यांचा भरही सरलेला असतो.


अंड्यावर आलेल्या मध्यम वजनाच्या कोंबडीला दिवसाला शंभर-एकशे दहा ग्रॅम लेअर खाद्य लागतं. शिंपल्याची भुकटी वेगळ्या भांड्यात ठेवा. कवच पातळ येऊ लागलं तर आधी ते भांडं रिकामं तर नाही ना, हे बघा.