वात्रटिकेचा ठसका: लिहायची आणि वाचायची रीत

विनोद घेतला, त्याला यमक लावलं की वात्रटिका झाली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मग मोबाइलवर फिरत आलेला एखादा चुटका चार ओळींत कापायचा, शेवटाला 'आहे–पाहे' जोडायचं आणि लोक हसले नाहीत की लोकांनाच नावं ठेवायची. चुटका गोष्टीवर तरून जातो. वात्रटिकेला ठेका लागतो. ठेक्यामुळे कान पुढच्या शब्दाची वाट बघू लागतो, आणि तिथेच आपण भलता शब्द आणून बसवायचा. ठेका नसेल तर कान कशाची वाट बघणार?

म्हणून आधी मात्रा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणाऱ्या वेळेचं माप. सुरुवातीला एकच वृत्त धरा, पादाकुलक. ओळीत १६ मात्रा, आठ-आठचे दोन तुकडे. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, अनुस्वार असलेल्या अक्षराच्याही दोन. जोडाक्षरामागच्या ह्रस्व अक्षरावर आघात येत असेल तर त्याच्या दोन. त्यामुळे 'तर्री' चार मात्रांची, पण 'तुम्ही' तीनच मात्रांचं, कारण तिथे 'तु'वर जोर पडत नाही. 'सावजी' पाच, 'संत्रं' चार, 'नागपूर' सहा. आठवडाभर नागपूरच्या बर्डी बाजारातल्या दुकानांच्या पाट्या अशा मोजत फिरा, हात बसतो.

आता मे महिन्यातल्या नागपूरची चार ओळींची वात्रटिका घेऊ:

कूलर म्हणतो, मी तान्हेला;
नळ तर परवा येउन गेला!
मग बाबांनी काय करावे?
टाकीमध्ये बसुन रडावे!

पहिली ओळ मोजा: कू-ल-र चार, म्ह-ण-तो चार, मी दोन, ता-न्हे-ला सहा. आठ आणि आठ. दुसऱ्या ओळीत 'येऊन' न लिहिता 'येउन' लिहिलंय, चौथीत 'बसून'चं 'बसुन' केलंय. दीर्घ ठेवलं असतं तर ओळ १७ मात्रांची झाली असती. एवढी सूट वृत्त देतं. शुद्धलेखनवाल्यांचा फोन आला तर शांतपणे तेवढंच सांगायचं.

पहिल्या ओळीच्या शेवटी 'पाणी घाला' हे शब्द सहज सुचतात. मात्राही भरतात. पण 'घाला–गेला' या जोडीत जुळतो तो फक्त 'ला', आणि शेवटचंच अक्षर जुळलेलं यमक माइकवर ऐकूच येत नाही. त्याच्या आधीचा स्वरही जुळायला हवा: तान्हेला–गेला, करावे–रडावे. चौथी ओळ 'रडत बसावे टाकीमध्ये' अशी फिरवून बघा. सोळा मात्रा तशाच राहतात, यमक जातं आणि हशाही जातो. 'रडत' शब्द सुरुवातीलाच फुटला, पुढे 'टाकीमध्ये' नुसतं सामान उरलं. ज्या शब्दावर लोक हसणार तो ओळीच्या शेवटी, आणि ती ओळ कवितेच्या शेवटी. त्यानंतर एक अक्षर नको. हशा पडल्यावर 'अशी आहे नागपूरची व्यथा' असा खुलासा जोडणारे कवी पुष्कळ. वाढलेलं ताट ते स्वतःच उचलून नेतात.

यावरून लिहिण्याचा क्रमही ठरतो. शेवटची ओळ आधी लिहा. तिच्या शेवटच्या शब्दाला जुळणारे आठ-दहा शब्द वहीच्या कडेला काढा, त्यातला अवघड शब्द आधीच्या ओळीला द्या. अवघड यमक आधी आणि सोपं नंतर आलं तर वाटतं, सहज सुचलं. उलट झालं की ओढूनताणून आणल्याचं दिसतं. पहिल्या दोन ओळी सर्वांत शेवटी लिहा. त्यांचं काम एवढंच, की कोण, कुठे, काय चाललंय ते सांगून बाजूला व्हायचं.

मात्रा भरायला 'हो', 'ना', 'की', 'बरं का' घातले की ओळ पोकळ वाजते. पडताळा सोपा आहे. दर चार मात्रांना एक टाळी द्या, ओळीला चार टाळ्या. टाळी भरतीच्या शब्दावर पडली तर तो शब्द काढा आणि त्या जागी वस्तूचं नाव घाला. 'भाजी' असेल तिथे 'पाटोडी' बसते का बघा, 'वाहन' असेल तिथे 'लुना'. मग दुसऱ्या कुणाला तरी कागद देऊन मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल तिथे चूक तुमची आहे.

बोलीचा मोह नागपुरात आवरत नाही, आवरूही नये. पण मात्रा पुन्हा मोजा. 'कशाला'चं 'कायले' केलं तर पाचाचे पाचच राहतात. 'करतो आहे' आठ मात्रांचं, 'करून राहिला' मात्र नऊचं. 'करुन राहिला' केलं की आठात बसतं. आणि एका कवितेत एकच बोली. वर 'मला' आणि खाली 'मले' आलं की ऐकणाऱ्याला कळतं, बोली पाहुणी म्हणून आणलीय. नुसतं 'काऊन बे' म्हणण्यावर एकदा हसू येतं. तिसऱ्यांदा येत नाही.

दुसरा साचा अभंगाचा. मोठ्या अभंगात अक्षरं मोजायची, मात्रा नाहीत: सहा, सहा, सहा आणि चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. शेवटचा चार अक्षरांचा आखूड चरण विनोदासाठीच घडवल्यासारखा आहे, कारण ओळ अचानक संपते.

पोह्यांचा डोंगर । तर्रीचा सागर ।
घामाचा पाझर । कपाळाला ॥
डॉक्टर म्हणतो । तेल बंद करा ।
एक प्लेट जरा । त्यालाही द्या ॥

इथे थट्टा पोह्यांची आणि डॉक्टरची आहे, संतांची नाही. अभंगाचा साचा घ्या, 'तुका म्हणे'सारखी नाममुद्रा घेऊ नका. ज्या रचनेचं विडंबन करायचं ती श्रोत्यांना पाठ असली पाहिजे, ही दुसरी अट. प्र. के. अत्र्यांनी 'केशवकुमार' नावाने विडंबनं लिहिली तेव्हा मूळ कविता वाचकांच्या ओठांवर होत्या. अनोळखी कवितेचं विडंबन ही नुसती आणखी एक कविता होते. विनोदी गझल लिहायची तर तिला हझल म्हणतात. तिथे रदीफ (ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारा तोच शब्द) आणि काफिया (त्याच्या आधीचं यमक) सांभाळावे लागतात. ते मुळातून शिकायला सुरेश भटांची 'गझलेची बाराखडी' पुरते.

विषयाला नागपुरात तोटा नाही. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे होतं, आणि डिसेंबरात मोर्चे, मंत्र्यांचे ताफे आणि हुरड्याच्या पार्ट्या एकाच वेळी येतात. एरवी बुजलेले न दिसणारे खड्डे त्या पंधरवड्यात एका रात्रीत बुजतात. हे निरीक्षण सर्वांचं असतं, म्हणून नुसतं सांगून भागत नाही. एकच खड्डा निवडा आणि त्याला बोलतं करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, बघायला वही घेऊन जा. काळी-पिवळी मारबत पुढे जाते आणि मागून येणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या पाट्यांवर वर्षभराचा राग दोन ओळींत लिहिलेला असतो. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी स्वतःच एक तयार ध्रुवपद आहे. महागाई, वीजबिल, परीक्षेचा पेपर, काहीही तिच्यापुढे बसतं.

जात, रंग, शरीर, बायको ही चार खाती बंद ठेवा. सभ्यतेचं कारण आहेच, पण कारागिरीचंही आहे: त्यावरचे सगळे विनोद श्रोत्यांनी आधीच ऐकलेले असतात, शेवटचा शब्द तुमच्याआधी त्यांना ठाऊक असतो. राजकारण्यावर लिहिताना त्याच्या निर्णयावर लिहा. निर्णय बदलतात, त्यामुळे अशी वात्रटिका महिनाभरात शिळी होते. वहीत प्रत्येकीखाली तारीख टाका; संग्रह काढताना टीप लिहावी लागणारी प्रत्येक रचना गाळता येईल.

व्यासपीठाचं थोडक्यात. कोजागिरीच्या संमेलनात पाच मिनिटं मिळाली तर तीनच रचना घ्या. हशाला आणि ओळ पुन्हा म्हणायला वेळ लागतो. खात्रीची पहिली, त्याहून खात्रीची शेवटची, नवी असेल ती मध्ये. माइक तोंडापासून वीतभर. तिसरी ओळ दोनदा म्हणा, चौथी एकदाच. शेवटच्या शब्दाआधी अर्धा श्वास थांबा आणि शब्द खालच्या पट्टीत टाका. वरच्या पट्टीत टाकला की त्यातली व्यंजनं स्पीकर खातो. स्वतः हसू नका. हशा उठला तर तो ओसरू लागेपर्यंत थांबा, पूर्ण शांत होईपर्यंत नको. आणि मसाला दुधाचे पेले फिरायला लागले की वही मिटा. त्या पाच मिनिटांत कोणीच ऐकत नाही.