जिवंत पेशीत एमआरएनए बघायचाय? आधी प्रोटीन कमी करा

पुण्यात पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक पोर महिन्याभरात एकच तक्रार घेऊन येतं: "ताई, अख्खी पेशीच हिरवी दिसतेय, ठिपके कुठायत?" म्हणून एकदाच लिहून ठेवते.

एमआरएनए म्हणजे जीनची आरएनए-प्रत, जिच्यावरून पेशी प्रोटीन बनवते; एकेक ठिपका म्हणजे असा एकेक रेणू. पण तो स्वतः चमकत नाही. एमएस-टू या विषाणूचं कोट प्रोटीन आरएनएच्या १९ बेसच्या (अक्षरांच्या) एका वळलेल्या तुकड्याला, म्हणजे लूपला, घट्ट पकडतं. त्या प्रोटीनला जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, जोडायचं. १९९८ मध्ये रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने यीस्टमध्ये हे करून दाखवलं. जीनमध्ये स्टॉप कोडॉनच्या (प्रोटीनचा मजकूर संपतो त्या खुणेच्या) पुढे २४ लूप बसवा. एकेका लूपवर प्रोटीनची जोडी बसते, म्हणजे एका रेणूवर जास्तीत जास्त ४८ जीएफपी. विसर्जनाला लक्ष्मी रोडवर एकटा फेटा नजरेत भरत नाही, पथक भरतं.

क्लोनिंगला, म्हणजे हे लूप घातलेला डीएनए जिवाणूत वाढवायला, घाई नको. लूप एकसारखे असल्याने ई. कोलाय हा जिवाणू ते गाळून टाकतो. रिकॉम्बिनेशन (डीएनएच्या सारख्या तुकड्यांची अदलाबदल) कमी करणारा स्ट्रेन घ्या आणि ३० अंशांवर वाढवा. मी एकदा ३७ वर ठेवला. १३०० बेसचा तुकडा जेलवर निम्माच आला आणि दोन महिने पाण्यात गेले. दर मिनीप्रेपनंतर, म्हणजे जिवाणूतून डीएनए काढल्यावर, तो एन्झाइमने कापून बघा.

आता हिरव्या पेशीचं. मोकळं जीएफपी पेशीभर तरंगत असेल तर ठिपका त्यात बुडतो. प्रोटीनला केंद्रकात नेणारा सिग्नल जोडा, म्हणजे उरलेलं तिकडे जाईल आणि बाहेर अंधार राहील. प्रमोटर, म्हणजे प्रोटीन किती बनेल ते ठरवणारा डीएनएचा भाग, कमजोरच निवडा. सीएमव्हीसारखा जोरदार प्रमोटर लावून वर लेसर वाढवणारे मी खूप पाहिलेत. मंद पेशी शोधा, ठिपके तिथेच सापडतात.

इमेजिंगच्या दोन तास आधी मायक्रोस्कोपचा चेंबर ३७ अंशांवर आणा, नाहीतर फोकस सरकत राहतो. मीडियम फिनॉल रेड (स्वतःच चमकणारा रंग) नसलेलं. एक्स्पोजर ५० मिलिसेकंदांच्या आसपास. जास्त ठेवलंत तर पळत्या रेणूची रेघ होते. आणि गुरुवारी लावू नका, आमच्याकडे वीज जाते. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दहा सेकंदांत माझी रात्रभराची फिल्म गेलीये.

ठिपका दिसला म्हणून लगेच पेढे वाटू नका. लूप नसलेल्या कंट्रोलमध्येही दिसला, तर तो प्रोटीनचा गोळा आहे. यीस्टमध्ये तर एमआरएनए तुटल्यावर नुसते लूप मागे राहून चमकतात. म्हणून डिश फेकू नका. पेशी फिक्स करून तिच्यावरच फिश करा, म्हणजे रंगीत प्रोबने आरएनए शोधा: एक प्रोब जीनला, एक लूपला. दोन्ही रंग एकाच जागी आले तरच मला बोलवा.