दातांना तारा असताना मैदानी खेळ कसे खेळावेत

दातांना तारा बसवण्याचे वय आणि शालेय स्पर्धांचे वय बहुधा एकच असते. त्यामुळे कबड्डीचा किंवा क्रिकेटचा हंगाम तोंडावर आला असताना ब्रेसेस बसल्या की ‘यंदा खेळ बंद’ असा निर्णय घरात परस्पर होऊन जातो. तो बहुतेक वेळा अनाठायी असतो. हे उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतात, आणि एवढा काळ वाढत्या वयाच्या मुलाला मैदानापासून दूर ठेवावे असे सहसा कोणतेही वैद्यकीय कारण नसते. मात्र तोंडाच्या संरक्षणाची व्यवस्था इतर खेळाडूंपेक्षा वेगळी करावी लागते, आणि क्रीडासाहित्याच्या दुकानात सहज मिळणारे माउथगार्ड, म्हणजे दातांवर घालायचे संरक्षक आवरण, या कामाला चालत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांच्या, कडा बारीक आणि टणक असतात. एरवी ज्या धक्क्याने ओठ केवळ सुजला असता, त्याच धक्क्याने तारा असलेल्या खेळाडूचा ओठ किंवा गाल आतून फाटतो. त्याशिवाय, उपचार चालू असताना दात हाडातून हळूहळू सरकत असतात, म्हणून ते नेहमीपेक्षा थोडे सैल असतात. तिसरी बाब पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या ३ मिलिमीटरपेक्षा अधिक पुढे असतील, तर त्यांना इजा होण्याचा धोका इतर मुलांच्या तुलनेत साधारण दुप्पट असतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. आणि तारा बसवल्या जातात त्या बऱ्याचदा अशाच पुढे आलेल्या दातांसाठी. म्हणजे जोखीम तारांमुळे आली असे मानण्यापेक्षा ती काही अंशी आधीपासूनच होती, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आता माउथगार्डविषयी. दुकानात मिळणारा सर्वसाधारण प्रकार गरम पाण्यात मऊ करून दातांनी चावून बसवायचा असतो. तारा नसलेल्या खेळाडूला तो ठीक आहे. तारा असताना मात्र मऊ झालेले प्लास्टिक ब्रॅकेटच्या खाचांत शिरते, थंड झाल्यावर तेथेच घट्ट बसते आणि गार्ड काढताना एखादे ब्रॅकेट उखडून येते. शिवाय अशा गार्डमध्ये दातांचा आजचा ठसा कायम होतो. महिनाभराने दात सरकलेले असतात, पण गार्ड जुन्याच जागेचा असतो, त्यामुळे तो एकतर बसत नाही किंवा दातांवर नको त्या दिशेने दाब देतो.

त्याऐवजी दोन पर्याय आहेत. पहिला, खास ब्रेसेससाठी बनवलेला सिलिकॉनचा गार्ड. त्याची खोबण रुंद असते, तो उकळावा लागत नाही आणि दातांचा ठसाही घेत नाही, त्यामुळे दात सरकत असतानाही तो वापरता येतो. खरेदी करताना वेष्टनावर तो ब्रेसेससाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. दुसरा पर्याय म्हणजे दंतवैद्याकडून मापाचा गार्ड करून घेणे. यात दातांचे साचे घेऊन ब्रॅकेटभोवतीची आणि दात सरकणार असलेल्या बाजूची जागा मोकळी सोडली जाते व त्यावर साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे आवरण बसवले जाते. संरक्षण आणि आराम या दोन्ही दृष्टींनी हा प्रकार सरस आहे, परंतु दात बरेच सरकले की तो नव्याने करावा लागतो आणि खर्चही पुन्हा होतो. शाळेच्या संघातून आठवड्यातून दोनतीनदा खेळणाऱ्या मुलाला सिलिकॉनचा गार्ड पुरेसा आहे. जिल्हा किंवा राज्य पातळीवर बॉक्सिंग, तायक्वांदो, कबड्डी अशा झटापटीच्या खेळांत उतरणाऱ्याने मापाच्या गार्डचा खर्च टाळू नये, असे माझे मत आहे.

गार्ड सहसा वरच्या दातांवर घालतात, कारण मार सर्वाधिक तेथेच बसतो. खालच्या दातांनाही तारा असतील तर दोन्ही बाजू झाकणारा गार्ड मिळतो, मात्र तो घालून श्वास घेणे व बोलणे अवघड जाते, म्हणून निवड ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे तारा बसवणाऱ्या दंततज्ज्ञांना, विचारून करावी. कोणताही गार्ड घेतला तरी तो घालून वेगाने धावून पाहावे, मोठ्याने हाक मारून पाहावी, आणि मळमळ होते का तेही पाहावे. जो गार्ड त्रास देतो तो खेळाडू पहिल्या दहा मिनिटांतच काढून खिशात ठेवतो, आणि खिशातल्या गार्डचा उपयोग शून्य.

प्रत्येक खेळातला धोका वेगळा असतो. कबड्डीत चढाईपटूपेक्षा बचावपटूची, त्यातही कोपरारक्षकाची काळजी अधिक घ्यावी लागते, कारण घोटा पकडताना त्याचा चेहरा थेट चढाईपटूच्या टाचेच्या आणि गुडघ्याच्या टप्प्यात येतो. चढाईपटूपुढे अडचण निराळी असते: गार्ड घालून ‘कबड्डी, कबड्डी’चा दम स्पष्ट ऐकू गेला पाहिजे, नाहीतर पंच दम सुटल्याचा निर्णय देऊ शकतात. म्हणून गार्ड घालून दम घेण्याचा सराव स्पर्धेच्या काही आठवडे आधीच सुरू करावा आणि सामन्यापूर्वी पंचांना त्याची कल्पना द्यावी. खो-खोत खांबावर आदळणे आणि सूर मारल्यावर हनुवटी जमिनीवर आपटणे हे दोन प्रसंग नेहमीचे आहेत. क्रिकेटमध्ये लेदरच्या चेंडूचे वजन सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम असते, त्यामुळे फलंदाजाने, यष्टीजवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकाने आणि शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाने जाळीचे हेल्मेट घालावेच. जाळीमुळे चेंडू अडतो, पण हिसका जबड्यापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून आत गार्डही असावा. फुटबॉल, बास्केटबॉल आणि हॉकीत कोपर, डोके किंवा स्टिक लागण्याचा संभव असल्याने गार्ड हवाच. बॉक्सिंगमध्ये तो सक्तीचा आहे आणि रक्त ओळखू यावे म्हणून लाल रंगाचा चालत नाही. पोहणे, धावणे, बॅडमिंटन यांसाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. सायकल आणि स्केटिंगमध्ये मात्र पडण्याचा धोका गृहीत धरावा.

काढता-घालता येणारी उपकरणे, म्हणजे प्लास्टिकची प्लेट किंवा अलाइनर (दात सरळ करणारे पारदर्शक आवरण), झटापटीच्या खेळापूर्वी काढून टणक डबीत ठेवावीत. रुमालात गुंडाळलेली प्लेट हमखास हरवते किंवा किटबॅगखाली चिरडते. अलाइनर हा गार्डला पर्याय नाही. तो दिवसातून २० ते २२ तास घालायचा असल्याने खेळ संपताच चूळ भरून परत घालावा. दातांच्या उपचारासाठी दिलेले, डोक्याभोवती पट्टा असलेले हेडगिअर घालून कोणताही खेळ खेळू नये, कारण त्याची धातूची कमान निसटून डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. दातांना अडकवायचे रबर बँड सामन्यापुरते काढावेत का, हे ऑर्थोडॉन्टिस्टना विचारून ठरवावे.

मैदानावरच्या काही सवयी चेंडूपेक्षाही जास्त ब्रॅकेट तोडतात. ग्लोव्ह्जचा वेल्क्रो दातांनी सोडवणे, बाटलीचे झाकण दातांनी उघडणे, गार्ड चघळत राहणे या त्यांतल्या ठळक. सरावानंतरची चिक्की, फुटाणे, उसाचे कांडे आणि दातांनी तोडलेला कच्चा पेरूही याच यादीत येतात. पेरू फोडी करून खाल्ला तर हरकत नाही. साखर आणि आम्ल असलेली एनर्जी पेये घोट-घोट पीत राहिल्यास ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात, आणि ते तारा निघाल्यावर उघडे पडतात. तहानेला साधे पाणी उत्तम. तारा घट्ट केल्यावर दोनतीन दिवस दात ठणकतात, म्हणून ती भेट महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ठेवू नये.

किटबॅगेत ऑर्थोडॉन्टिक मेण, छोटा आरसा, स्वच्छ कापूस, खाऱ्या पाण्याची छोटी बाटली आणि ऑर्थोडॉन्टिस्टचा दूरध्वनी क्रमांक असावा. तार टोचू लागली तर टोक कापसाने कोरडे करून त्यावर मेणाची गोळी दाबावी. ब्रॅकेट दातावरून सुटले पण तारेवर लोंबकळत असेल, तर ते ओढू नये. मेण लावून डॉक्टरांकडे जावे. ओठ ब्रॅकेटमध्ये अडकला असल्यास झटका न देता ओठ हळूच उचलून सोडवावा, खाऱ्या पाण्याने चूळ भरावी आणि बाहेरून बर्फ लावावा. ब्रॅकेट गिळले गेले तर बहुतेक वेळा ते शौचावाटे निघून जाते, परंतु खोकला थांबत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

दात हलू लागला असेल तर तारेला हात लावू नये, कारण अशा वेळी तीच तार दाताला जागेवर धरून ठेवत असते. कायमचा दात पूर्ण निखळून पडल्यास तो मुळाशी न धरता वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवावे, घासू नये, आणि शक्य असल्यास लगेच खाचेत बसवून कापसावर अलगद दात दाबून ठेवायला सांगावे. ते जमत नसेल तर दात दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्याकडे न्यावा. साध्या पाण्यात ठेवू नये. पहिली ३० मिनिटे फार महत्त्वाची असतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. मारानंतर दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, तर जबड्याचे हाड मोडले असण्याची शक्यता असते. चक्कर, उलटी किंवा गोंधळलेपणा दिसला तर दातांचा विचार बाजूला ठेवून आधी डोक्याच्या दुखापतीची तपासणी करावी.

गार्ड खेळून झाल्यावर थंड पाण्याने धुवावा, हवा खेळेल अशा डबीत ठेवावा आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नये, कारण उष्णतेने त्याचा आकार बिघडतो. तो कोणाला वापरायलाही देऊ नये. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाताना गार्ड बरोबर न्यावा, म्हणजे तो अजून नीट बसतो की नाही हे तेथेच कळते. तारा निघाल्या की हा गार्ड बाद होतो. त्यानंतर दातांच्या नव्या मापाचा गार्ड घ्यावा, आणि सरळ झालेले दात जागेवर राखणारा, काढता येणारा रिटेनर दिला असेल तर तो सामन्यापूर्वी डबीत ठेवावा.